पाळणागाडी घेतली तो उन्हाळा

मे महिना अर्ध्यावर आला की माझा फोन वाजायला लागतो. आपल्या आवारात झाडं आहेत याची अकरा महिने ज्यांना आठवणही नसते, त्यांना एकाएकी वाऱ्याची भीती वाटू लागते. ‘छपरावर फांदी आलीय.’ ‘तारेला टेकलीय.’ ‘मागच्या वर्षी शेजाऱ्यांच्या गाडीवर पडली होती, जरा येऊन बघता का?’ कर्जतपासून खालापूरपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी जेवढे बंगले उभे राहिलेत, तेवढी माझी गिऱ्हाइकं. त्या दिवसांत हवा जागची हलत नाही. गुलमोहर भडकलेला असतो, करवंदं संपत आलेली असतात. करवतीच्या मशीनचं पेट्रोल, तापलेलं तेल आणि नुकत्याच कापलेल्या लाकडाचा ओलसर, आंबूस वास माझ्या शर्टात, केसांत, अगदी जेवणाच्या डब्याच्या झाकणावरही बसतो. मी घरात पाऊल टाकलं की माझी बायको वंदना खिडकी उघडते. पूर्वी उघडत नसे.

पूर्वी मलाही तो वास आवडायचा. पाच उन्हाळे झाले त्याला.

मी झाडं छाटतो. लोक गमतीनं झाडांचा डॉक्टर म्हणतात. आमचं घर चौक गावाजवळ. वडील रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यामुळे माझं लहानपण मोहोपाड्याच्या कॉलनीत गेलं. तिथं झाडं रांगेत होती आणि प्रत्येकाच्या बुंध्याला खालून हातभर चुना लावलेला असे. मी कारखान्यात चिकटावं अशी वडिलांची इच्छा होती. मला तिथला वास सोसत नव्हता. एजंट म्हणाला, मस्कतला बागकाम आहे. मी गेलो.

मस्कतमध्ये मी नऊ वर्षं खाली उभा राहिलो. हे वाक्य मी मुद्दाम असंच लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. कंपनीच्या तीन गाड्या होत्या. गाडीच्या पाठीवर लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पिंजरा. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला येते तसली. आम्ही तिला पाळणा म्हणायचो. पाळण्यातला माणूस वर खजुराच्या झावळ्या कापायचा आणि मी खाली त्या ओढायचो. झावळीच्या बुडाला बोटभर काटे असतात, हातमोज्यातून आरपार जातात. मुकादम आपल्याच देशातला होता. चौथ्या वर्षी मी त्याला म्हणालो, मला एकदा वर पाठवा, मी शिकेन. सगळे जेवायला बसले होते. तो हसून म्हणाला, “तू वर गेलास तर खाली काटे कोण उचलणार?” सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं हाक न देता झावळी सोडायला लावली. ती माझ्या खांद्यावर आली. तिथली गाठ अजून हाताला लागते.

पण मी तिथं शिकलो. दोर कसा पारखायचा, गाठ कुठली कधी बांधायची, फांदी खालून किती कापायची आणि वरून किती, म्हणजे साल सोलत जात नाही. एकदा अर्ध्या दिवसाचं शिक्षण दिलं होतं : उंचावरून माणूस पडला तर काय करायचं. साहेबांनी दोन बोटं हवेत धरून एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. त्याला हलवायचं नाही. मदत येईपर्यंत हलवायचं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

परत येताना बॅगेत एक पट्टा आणला. लाल, रुंद, खांद्यावरून, कमरेभोवती आणि दोन्ही मांड्यांखालून जाणारा. असला पट्टा तेव्हा आमच्या भागात मी कुणाच्याही अंगावर पाहिला नव्हता.

पट्टा घालणारा माणूस मात्र मला इथं मिळाला. तुळशीराम. पळसदरीच्या धरणापलीकडे, डोंगराच्या कडेला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, अंगानं काटक. तो चढतोय असं वाटायचंच नाही, झाडानंच त्याला वर घेतल्यासारखं वाटायचं. पायाची बोटं सालीत रुतवून तो थांबायचा, मान तिरकी करून फांदीचं वजन बघायचा आणि मगच करवत मागायचा. पहिलं वर्ष आम्ही दोघांनी माझ्या मोटरसायकलवर काढलं. पट्टा त्याच्याच अंगावर असायचा. सुरुवातीला म्हणाला, “ह्यो आवळतोय.” आठ दिवसांत म्हणाला, “दादा, ह्याच्यात दोन्ही हात मोकळं ऱ्हातात. झोप लागंल वर.” संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून तो आपल्या हातानं खुंटीला अडकवायचा. त्या वर्षात आमच्या हातून एकही कौल फुटलं नाही.

मग मला गाडी घ्यावीशी वाटू लागली.

गाडी घेण्याचे दिवस किती गोड असतात! रोज नवी गाडी मनात उभी करायची, तिच्यात सामान भरायचं, तिच्यावर नाव लिहायचं. चौकला जुन्या रस्त्याच्या कडेनं गॅरेजांची रांग आहे. मी आणि तुळशीराम फाल्गुनात रोज तिथं जायचो. पहिल्या दिवशी एक छोटा पिकअप बघितला. रंग उडालेला, पण इंजिन चांगलं, चढाला ताकद धरणारा. त्याच्या जोडीनं दोन नवे दोर, आणखी एक पट्टा, एक चांगली कप्पी आणि हलकी करवत सहज बसत होती. तुळशीरामनं गाडीखाली वाकून बघितलं, चाकाला लाथ मारली आणि हसला. म्हणजे पसंत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मेस्त्रीनं आम्हाला मागच्या अंगाला नेलं. तिथं ताडपत्रीखाली पाळणागाडी उभी होती. कुठल्या तरी नगरपालिकेच्या भंगारातून आलेली, वर पिवळा ताजा रंग मारलेली. मेस्त्री म्हणाला, “शेठ, पिकअप घेऊन बंगल्यावर गेलात तर मालक पायरीवर चहा देईल. ही घेऊन गेलात तर खुर्चीवर.”

मी पाळण्यात चढलो. आत दोन दांडे होते. एक ओढला तसा लोखंडी हात कुरकुरत उचलला गेला. ढाब्यांचे पत्रे दिसले, मग रस्ता, मग रस्त्यापलीकडची भातखाचरं. खाली तुळशीराम कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत होता. नऊ वर्षं मी असाच बघत होतो. खरं सांगायचं तर गाडी तिथंच ठरली. नंतर जे बोललो ती नुसती बडबड होती.

खाली आल्यावर तुळशीराम मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, ही गाडी जिथं उभी ऱ्हाईल तिथं झाड नसनार. आन झाड हाय तिथं ही जानार नाय. आपली झाडं बांधावर, उतारावर, घराच्या मागं. ते पिकअप घ्या. दोर घ्या. बाकी सगळं माज्या पायात हाय.”

मी म्हणालो, “तुझ्या पायावर किती दिवस धंदा करायचा रं?”

घरी वंदनाला सांगितलं तर ती भाकरी उलटताना म्हणाली, “झाडावर कोण चढतं, तुम्ही का तो? मग त्याचं ऐका की.” मी तिलाही काहीतरी लागेल असं बोललो. काय ते आता आठवत नाही. ती आठवण करून देत नाही, पण तिला ते आठवत असणार.

गाडी आली. पुढच्या काचेवर नाव लिहिलं, नारळ फोडला. पाळण्यात उभं राहायचं तर पट्टा हवा, तसा नियमच आहे. मस्कतला तो न घालता कुणी वर गेला तर दिवसाचा पगार कापायचे. म्हणून मी खुंटीवरचा पट्टा काढून माझ्या अंगावर चढवला. कठडा असलेल्या पिंजऱ्यात मी पट्ट्यानं बांधलेला, आणि उघड्या फांदीवर तुळशीराम कमरेला दोर गुंडाळून. नियम मला तोंडपाठ होता आणि तो मी अगदी नेटकेपणानं पाळत होतो. तुळशीरामनं पहिल्या दिवशी रिकाम्या खुंटीकडे बघितलं आणि दोर उचलला.

मेस्त्री म्हणाला होता ते खरं झालं. मला खुर्ची मिळू लागली. बंगल्याच्या गच्चीवरून पोरंटोरं माझे फोटो काढायची. फाटकाजवळचं एखादं झाड मी पाळण्यातून सावकाश, देखण्या हातानं छाटायचो. तेवढ्या वेळात मागच्या उतारावरची चार झाडं तुळशीराम उरकायचा, कारण तिथं गाडी जातच नव्हती. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यानं मला “दादा” म्हणून हाक मारली. मी त्याला गाडीमागे नेऊन म्हणालो, “लोकांसमोर शेठ म्हणत जा.”

“बरं,” तो म्हणाला. त्यानंतर लोक नसतानाही तो शेठच म्हणू लागला.

दोराबद्दल त्यानं मला दोनदा सांगितलं. नायलॉनचा दोर उन्हानं आणि चिकानं आतून मरतो. वरून लव आल्यासारखा दिसतो, वाकवला की करकरतो आणि बोटांना पांढरी भुकटी लागते. त्यानं तो माझ्यासमोर वाकवून दाखवला. “शेठ, बदलाय झालाय.” मी बघितलं. दोर मला त्याच्यापेक्षा जास्त कळतो, मी तो परदेशात शिकलो आहे. पण आदल्याच आठवड्यात पाळण्याचा तेलाचा पाइप फुटला होता आणि सगळं त्याच्यात गेलं होतं. मी म्हणालो, “एवढा सीझन चालव.” दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं तेव्हा मी चिडलो. म्हणालो, “झाडावर जन्मलायस तू, तुला दोर लागतो कशाला?”

हे मुकादमाचं वाक्य नव्हतं. माझं होतं.

मे संपत आला होता. पळसदरीच्या अंगाला एका मुंबईच्या बाईंचा बंगला आहे. फाटकाशी गुलमोहर आणि मागे उतारावर जुना शिरीष. शिरीषाची एक मोठी फांदी स्वयंपाकघरावर आली होती. मी पाळण्यात, गुलमोहराशी. तुळशीराम मागे. आम्ही दोघंच. ऊन इतकं की करवतीची मूठ हाताला चिकटत होती. मागची करवत बंद झाली. मला वाटलं, पाणी पीत असेल. मग ओलं पोतं टाकल्यासारखा आवाज आला.

मी वळून बघितलं. वरून मला बंगल्याचं छप्पर, त्यामागचा उतार आणि उतारावर पडलेला तुळशीराम, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी दांडा ओढला. पाळणा सावकाश उतरतो, तशीच त्याची रचना आहे, आतल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून. कुरकुरत, थांबत, वीतवीत तो खाली येत होता आणि मी पट्ट्यात बांधलेला, कठडा धरून उभा. तुळशीराम हात हलवत होता. मला हाक मारत होता की माशी हाकलत होता ते कळत नव्हतं.

खाली उतरून मी धावलो. तो उताणा पडला होता. कमरेभोवती दोराचा तुकडा, वर फांदीला दुसरा. तोंडावर भुसा. डोळे उघडे. “पानी,” म्हणाला. इतक्यात बंगल्याच्या आत कुठंतरी दार वाजलं आणि बाईंचा आवाज आला, “काय झालं? काय पडलं?”

पुढं मी केलं ते मिनिटभरात केलं. मी अंगातला पट्टा सोडला आणि त्याला चढवायला लागलो. त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला उचललं, खांद्यावरचे पट्टे सरकवले, परत टेकवलं. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. मांडीचा पट्टा कुठून घालायचा ते मला सुचेना.

तो माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. हळू आवाजात म्हणाला, “शेठ, उलटा घालताय तुमी.”

मी तो काढला आणि सुलटा घातला. म्हणजे दुसऱ्यांदा त्याला उचललं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मांडीखालून पट्टा घेताना मी त्याचा डावा पाय गुडघ्यातून वर धरला होता, तेव्हा त्याच्या पायाची बोटं हलत होती. सालीत रुतवायचा तशी तो ती हवेत मुडपत होता. ते मी बघितलं. दुसऱ्यांदा उचलल्यावर ती हलली नाहीत. तेही बघितलं.

बाई आल्या तेव्हा मी शेवटची कडी लावत होतो. त्या म्हणाल्या, “अरे देवा, बेल्ट होता ना त्याला?” मी म्हणालो, “होता.” वॉचमन आला, बाईंनी गाडी काढली. कर्जतला, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “पडल्यानंतर याला कुणी उचललं होतं का? पाय हलत होते का?” मी म्हणालो, गाडीत ठेवताना उचललं. पायांचं लक्षात नाही. त्यानं लिहून घेतलं. नर्सनं पट्टा काढून पिशवीत घालून माझ्याच हातात दिला.

जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी होतो. तुळशीराम छताकडे बघत म्हणाला, “पट्टा हुता. तुटला. शेठचा काय दोस नाय.” हवालदारानं एवढंच लिहिलं आणि सही घेतली. मला वाटलं, तो माझ्यावर उपकार करतोय. मी त्याचा हात धरायला गेलो. त्यानं हात चादरीखाली घेतला.

वंदना मोहोपाड्याच्या एका दवाखान्यात आया आहे. तिला मी हकीकत सांगितली तीसुद्धा खोटी, पट्ट्यासकट. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. “पट्टा तर तुमच्या अंगावर असतो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “त्याला हलवलंत?” मी डब्याचं झाकण पुसत राहिलो. “आमच्याकडं झाडूवालीलापण म्हायती हाय, पाठ मोडलेल्याला हलवायचं नसतं. तुम्ही तर शिकून आला होता.” ती उठून गेली. त्या दिवसापासून ती खिडकी उघडते.

तिसऱ्या दिवशी बंगल्यावरच्या बाईंचा निरोप आला. आधी तुळशीरामची विचारपूस आणि मग : शनिवारी पाहुणे येणार आहेत, ती फांदी अर्धवट लटकतेय, कधी काढाल? वाचून मला राग आला पाहिजे होता. मी नेरळकडचा एक चढणारा गाठला, नवा दोर विकत घेतला आणि शुक्रवारी जाऊन फांदी उतरवली. काम सुरेख झालं. कुठं साल सोलली नाही. जाताना बाईंनी खुर्ची दिली आणि मी बसलो.

कुणी तुटलेला पट्टा मागितला तर? ही धास्ती मनातून जाईना. पट्टा तर धडधाकट होता. एका दुपारी मी गॅरेजच्या मागे जाऊन खांद्याजवळचा पट्टा पात्यानं कापला आणि टोक सिमेंटवर घासून घासून त्याच्या दशा काढल्या. मेस्त्री वाकून म्हणाला, “काय करताय शेठ?” मी म्हणालो, “काही नाही, जुना झालाय.”

मागितला तो तुळशीरामच्या बायकोनं. हिराबाई तिचं नाव. त्याला वाडीवर आणल्यानंतर मी भेटायला गेलो होतो. घराच्या पडवीत बाज टाकलेली, तिच्यावर तो. कमरेपासून खाली काही नाही. वाडीतल्या थोरांनी भरपाईचं बोलणं केलं होतं, मी ते मान्य केलं होतं आणि पाळतही होतो. तेवढं सोपं होतं. हिराबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, “त्यो तुटलेला पट्टा दावा मला. येवढा जाड पट्टा कसा तुटला, मला बगायचाय.”

मी पुढच्या खेपेला नेला. ती अंगणात उन्हाला बसली आणि पट्टा मांडीवर घेतला. ही बाई आयुष्यभर लाकडाच्या मोळ्या बांधत, सोडत, डोक्यावरून उतरवत आली आहे. तिनं टोक दोन बोटांत धरून फिरवलं, दशा बाजूला केल्या आणि मधला भाग नखानं चाचपला.

“ह्यो तुटला नाय,” ती म्हणाली. “कापलाय.”

तुळशीराम बाजेवरून म्हणाला, “दे त्यांचं त्यांना, हिरे.”

“नाय. माज्यापाशी ऱ्हाऊ दे.” तिनं पट्टा गुंडाळून आत ठेवला. बाहेर येऊन जांभळाकडे बोट दाखवलं. त्यांच्या घराला लागून जुनं जांभूळ आहे, फांद्या पार छपरावर येतात. दर उन्हाळ्यात तुळशीरामच त्या छाटायचा. “आता ही फांदी कोन काडनार?”

मी म्हणालो, “माणूस पाठवतो. उद्याच पाठवतो.”

“मानूस नको. तुमी चढा.”

मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. जांभळाला सगळे चढणारे भितात. फांदी जाडजूड दिसते आणि पाय ठेवला की काडीसारखी मोडते, आधी कुरकुरसुद्धा करत नाही. मी आयुष्यात पाळण्याशिवाय उंच गेलो नव्हतो. मी तुळशीरामकडे बघितलं. वाटलं, तो तरी नको म्हणेल.

तो म्हणाला, “दोर तितं हाय. मागल्या भिंतीला.”

तेव्हापासून दर मेच्या शेवटच्या आठवड्यात मी वाडीवर जातो. माझ्याकडे आता पिकअप आहे. पाळणागाडी त्याच पावसाळ्यात भंगारात दिली. पिकअपमध्ये तीन पट्टे आहेत, दोर मी दर हंगामाला बदलतो, माझी माणसं पट्ट्याशिवाय चढत नाहीत. बंगलेवाले एकमेकांना सांगतात, हा माणूस काळजीनं काम करतो, जरा महाग पडला तरी यालाच बोलवा. धंदा कधी नव्हता इतका चांगला चाललाय. पण त्या दिवशी वाडीवर मी एकटा जातो आणि पट्टा गाडीत ठेवतो. तसं कुणी म्हटलेलं नाही. पहिल्या वर्षी मी तो काढून अंगावर घालायला लागलो होतो, तेव्हा हिराबाई नुसती बघत राहिली. मी तो परत ठेवला.

अनवाणी चढायचं. साल गरम असते, जांभळं पिकलेली असतात, तळवे जांभळे आणि निसरडे होतात. खालून बाजेवरून तुळशीराम सांगतो. “डावा पाय वर. तितं नको, ती मेलेली हाय. बुडाशी धरा.” त्याचा आवाज कामाचा असतो. त्यात राग नसतो आणि माया तर नसतेच. एका वर्षी मी मध्येच अडकलो, वर जाता येईना की खाली येता येईना. मी म्हणालो, “तुळशीराम, आता कुठं पाय ठेवू?” तो गप्प राहिला. हिराबाई अंगण झाडत होती, झाडत राहिली. बराच वेळ मी बुंध्याला मिठी मारून होतो. मुंग्या बाहीतून आत गेल्या. शेवटी माझं मीच शोधलं आणि उतरलो. उतरल्यावर तो म्हणाला, “फांदी ऱ्हायली.” मी परत चढलो.

सूड म्हणावं, तर तो तसं कधी म्हणत नाही. माफी म्हणावी, तर तीही नाही. मी कधी मागितली नाही. मागितली तर मला सगळं सांगावं लागेल, बोटांचंसुद्धा. आणि मला अलीकडे वाटतं, त्याला ते माहीत आहे. बोटं त्याची होती.

यंदा गेलो ते परवा. मी छपराच्या वर, फांदीच्या बेचक्यात पोचलो. दोर दोनदा गुंडाळला, करवत काढली. वारा अजिबात नव्हता, तरी झाड हलत असल्यासारखं वाटत होतं. खालून तुळशीराम म्हणाला, “शेठ, तितनं काय दिसतं?”

हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“धरण दिसतं,” मी म्हणालो. “रेल्वेची लाइन दिसते. पलीकडं डोंगर.”

“खोटं,” तो म्हणाला. “डोळं मिटल्यात तुमचं. डोळं मिटलेला मानूस ऱ्हातो तसं उभं ऱ्हायलाय तुमी.”

मिटलेच होते. मी नेहमीच मिटतो, फक्त कापताना उघडतो.

“डोळं उगडा, मंग सांगा.”

मी उघडले. धरणाचं पाणी फार खाली गेलं होतं, कडेनं भेगाळलेला चिखल उघडा पडला होता आणि त्यात दोन म्हशी. मी ते सांगितलं.

“आनखी?”

घाटाच्या अंगानं एक मालगाडी चढत होती, मागून इंजिन लावलेली. मी डबे मोजून सांगितले.

“आनखी?”

वाडीच्या वरच्या अंगाला कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजला होता, जमीन काळी पडली होती. त्याच्याजवळ एक बाई उभी होती, तिच्या डोक्यावर हंडा. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं.

“ती आमच्या वाडीतली सोमी. तिच्या मागं बोरीचं झाड हाय का?”

“नाही,” मी म्हणालो. “खुंट दिसतोय.”

“कदी तोडलं?” असं तो स्वतःशीच म्हणाला. मग पुन्हा, “आनखी?”

माझे हात ओले झाले होते. पाय बधिर होत चालले होते. करवत अजून लावलीही नव्हती. मी सांगत राहिलो, छपरं, वाटा, लांबची बंगल्यांची लाल कौलं, आभाळाच्या कडेला चढलेली राखाडी पट्टी. मी थांबलो की तो आनखी म्हणायचा. हिराबाईही येऊन बाजेपाशी बसली आणि ऐकू लागली. ऊन कलायला लागलं. खाली या, असं कुणीच म्हणत नव्हतं.